काचेला तडा, माटुंग्यात मुक्काम

माटुंगा म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? केळीच्या पानावरचं जेवण, फिल्टर कॉफीचा घमघमाट, स्टेशनबाहेर गजऱ्यांच्या टोपल्या आणि कॉलेजच्या पोरापोरींचे घोळके. अगदी बरोबर! पण गाड्यांचं वेड लागलेल्या मंडळींचं एक वेगळंच माटुंगा आहे. ते सुरू होतं एच. आर. महाजनी मार्गावर, व्हीजेटीआयच्या आवारात. इथली मुलं स्वतःच्या हातांनी रेसिंग कार बनवतात. चासी, सस्पेन्शन, स्टिअरिंग, सगळं. फक्त एक गोष्ट त्या गाडीला नसते. पुढची काच!

तुमच्या-माझ्या गाडीला मात्र ती असते, आणि तिथंच सगळी गोची होते. सोमवार ते शुक्रवार ऑफिस, शनिवार-रविवार रॅली, असा डबल रोल करणारे बरेच जण आता मुंबईत आहेत. कुणी टीएसडी रॅली करतं, म्हणजे टाइम-स्पीड-डिस्टन्स. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेगानं कापायचं. लवकर पोहोचलात तरी दंड, उशीर झाला तरी दंड. कुणी मोकळ्या मैदानात कोन लावून ऑटोक्रॉस करतं. गाडी तीच, ऑफिसला नेणारी. आणि मग एखाद्या कच्च्या रस्त्यावर पुढच्या गाडीच्या टायरखालून एक खडा उडतो. टिक! एवढाच आवाज. काचेवर तांदळाच्या दाण्याएवढी खूण. पुढच्या शनिवारपर्यंत त्या दाण्याची वीतभर रेघ झालेली असते.

टायर फुटला तर गाडी थांबते. क्लच गेला तर थांबते. काचेला तडा गेला तर गाडी थांबत नाही. इंजिन तसंच गुरगुरतं, एसी चालतो, गाणी वाजतात. म्हणून हा बिघाड भलताच फसवा. थांबायचं की नाही हे तुम्हालाच ठरवावं लागतं, आणि रॅलीची फी भरलेली असताना, नेव्हिगेटर मित्रानं सुटी टाकलेली असताना हे ठरवणं किती जड जातं, ते ज्याचं त्याला माहीत.

तर, गाडी काच बसवणाऱ्याकडे लावा आणि तो दिवस माटुंग्यात घालवा. इथं फिरता फिरता या प्रश्नाची बरीचशी उत्तरं मिळतात.

बिनकाचेची गाडी

सुरुवात व्हीजेटीआयपासूनच करू. १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट या नावानं भायखळ्यात सुरू झालेली ही संस्था १९२३ साली माटुंग्यात आली. १९९७ मध्ये तिचं नाव वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट झालं. आद्याक्षरं मात्र तीच राहिली. एकेकाळी गिरण्यांना तंत्रज्ञ पुरवणाऱ्या या संस्थेतली मुलं आज बाजा आणि फॉर्म्युला स्टुडंट प्रकारच्या स्पर्धांसाठी गाड्या बांधतात. परीक्षा, सबमिशन, स्पॉन्सरच्या मागे पळापळ आणि वर्कशॉपमधली जागरणं, सगळं एकाच वेळी.

बाजा म्हणजे दगडधोंड्यांतून, चिखलातून जाणारी एकट्याची बग्गी. आपल्याकडे ही स्पर्धा २००७ मध्ये मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला सुरू झाली. फॉर्म्युला स्टुडंटची गाडी म्हणजे छोटी, उघड्या चाकांची रेसिंग कार. दोन्ही गाड्या उघड्या आणि दोन्हींना पुढची काच नाही. मग ड्रायव्हरच्या डोळ्यांचं काय?

इथंच खरी गंमत आहे. काच नाही म्हणून नियम सैल झालेले नाहीत, उलट जास्त कडक आहेत. फुल फेस हेल्मेटचा व्हायझर किंवा गॉगल हीच या ड्रायव्हरची काच. डोक्यावर आणि पाठीमागे रोल हूप, अंगावर आगीपासून वाचवणारा सूट, पाच-सहा पट्ट्यांचा हार्नेस. गाडी उलटली तर हात बाहेर फेकले जाऊ नयेत म्हणून हातांनाही पट्टे. शिवाय सगळे पट्टे सोडून ड्रायव्हर पाच सेकंदांत बाहेर आला पाहिजे. हे जमलं नाही तर गाडी ट्रॅकवर उतरतच नाही, इंजिन कितीही झकास असो. या तपासणीला टेक इन्स्पेक्शन म्हणतात. वर्षभर घाम गाळून आणलेली गाडी एका नटबोल्टपायी तिथं अडकते. मुलं रडकुंडीला येतात, रात्रभर जागतात, बोल्ट बदलतात आणि सकाळी पुन्हा रांगेत उभी राहतात.

उघड्या गाडीतला धोका किती खरा असतो, हे मोठ्यांच्या जगानंही पाहिलंय. २५ जुलै २००९ रोजी हंगेरीच्या ग्रांप्रीच्या पात्रता फेरीत पुढच्या गाडीतून निसटलेली एक स्प्रिंग फेलिपे मासाच्या हेल्मेटवर येऊन आदळली. कवटीला फ्रॅक्चर झालं आणि त्याचा उरलेला मोसम गेला. त्यानंतर २०११ पासून फॉर्म्युला वनच्या हेल्मेटवर व्हायझरच्या वरच्या कडेला झायलॉन या चिवट धाग्याची पट्टी आली. २०१८ पासून ड्रायव्हरभोवती हेलोची कमान आली. अमेरिकेतल्या इंडीकारनं तर २०२० पासून सरळ एरोस्क्रीन बसवली. म्हणजे उघड्या गाडीला शेवटी काचच, तीही पॉलिकार्बोनेटची!

आपण ज्या काचेला 'चालतंय रे, एक रेघच तर आहे' म्हणतो, ती मिळावी म्हणून तिकडे वर्षानुवर्षं डोकं लढवलं गेलंय. हे आठवलं की त्या रेघेकडे बघायची नजर जरा बदलते.

शेजारच्या कॉलेजातलं उत्तर

व्हीजेटीआयमधून बाहेर पडा आणि चालत नाथालाल पारेख मार्गावर या. इथं आहे आयसीटी, म्हणजे जुन्या मंडळींचं 'यूडीसीटी'. मुंबई विद्यापीठाचा हा केमिकल टेक्नॉलॉजी विभाग १९३३ मध्ये सुरू झाला आणि १९४३ मध्ये माटुंग्यात आला. रंग, तेल, औषधं, प्लास्टिक यांचं शिक्षण घ्यायला देशभरातून मुलं इथं येतात. तुमच्या काचेचं इथं काय काम? भरपूर आहे. कारण गाडीची पुढची काच ही नुसती काच नसतेच. ते एक सँडविच असतं.

बाहेर काच, आत काच आणि मधे पीव्हीबी नावाच्या पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा, साधारण पाऊण मिलिमीटरचा. याला म्हणायचं लॅमिनेटेड काच. हिच्या जन्माची गोष्ट फ्रान्समधली. एदुआर बेनेदिक्तुस या कलाकार-रसायनतज्ज्ञाच्या हातून १९०३ च्या सुमारास प्रयोगशाळेत एक काचेचा चंबू पडला, असं सांगतात. चंबू तडकला, पण तुकडे विखुरले नाहीत. आतल्या बाजूला सेल्युलोज नायट्रेटचा थर वाळून बसला होता, त्यानं सगळे तुकडे धरून ठेवले. पुढं १९०९ मध्ये त्यानं या काचेचं पेटंट घेतलं. म्हणून आजही पुढच्या काचेवर दगड बसला की कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उमटते, पण काचेचा पाऊस चेहऱ्यावर पडत नाही. बाजूच्या काचांचं तसं नाही. त्या टफन्ड असतात. फुटल्या की खडीसाखरेसारखे दाणे होतात.

मग खड्यानं पडलेली एवढीशी खूण वाढते कशी? काच दाब झकास सोसते, ताण मात्र तिला सोसत नाही. चिरेच्या टोकाशी सगळा ताण एकवटतो. भर उन्हात तापलेल्या गाडीत बसलात आणि एसी फुल्ल करून वारा थेट काचेवर सोडलात, की आतली बाजू आकसते आणि बाहेरची तापलेलीच राहते. चीर पुढे सरकते. खड्ड्यात गाडी पिळवटली की आणखी पुढे. हल्लीच्या गाड्यांत काच बॉडीला चिकटवलेली असते, त्यामुळे बॉडीचा पीळ थेट काचेपर्यंत पोहोचतो. रॅलीच्या कच्च्या रस्त्यावर तर हा पीळ दर वळणाला बसतो.

चिकटवलेली काच आणखीही कामं करते. गाडी उलटली तर छपराला आधार देते. बऱ्याच गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग फुगताना या काचेवर टेकूनच नेव्हिगेटरकडे वळते. काच कमकुवत असली, किंवा चिकटवण्यात हलगर्जी झाली असली, तर एअरबॅग त्या काचेलाच बाहेर ढकलू शकते. तेव्हा 'दिसतंय ना नीट, मग झालं!' हा हिशेब अर्धाच आहे.

भरायची की बदलायची?

खूण छोटी असेल, एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जाईल एवढी, आणि ड्रायव्हरच्या थेट नजरेसमोर नसेल, तर ती भरता येते. कारागीर त्या खुणेतली हवा ओढून काढतो, पातळ रेझिन आत दाबतो आणि यूव्ही दिव्याखाली पक्कं करतो. चहा संपेपर्यंत काम होतं. डाग थोडा दिसत राहतो, पण चीर पुढे जायची थांबते. मात्र तोवर खुणेत धूळ-पाणी जाता कामा नये. खडा लागल्या लागल्या तिच्यावर साधी पारदर्शक टेप लावा आणि गाडी धुऊ नका.

रेघ लांब असेल, काठापर्यंत पोहोचली असेल, किंवा बरोबर डोळ्यांसमोर असेल, तर विषय संपला. काच बदला. रात्रीच्या रॅलीत समोरच्या दिव्यांचा उजेड त्या रेघेवर फुटतो आणि वळणावरचा माणूस क्षणभर दिसत नाही. तो क्षण परत मिळत नसतो.

नवी काच शोधायला मुंबईकर पूर्वापार कुर्ल्याच्या सीएसटी रोडकडे वळतो. माटुंग्याहून हे अंतर फार नाही. याच कुर्ल्यात एकेकाळी प्रीमियर पद्मिनी तयार व्हायची. पद्मिनी किंवा अँबेसेडरची काच रबराच्या बीडिंगमध्ये बसायची. बीडिंगच्या खाचेत दोरी घालायची, बाहेरून काच टेकवायची आणि आतून दोरी हळूहळू ओढायची. रबराचा ओठ पत्र्यावर चढत जातो आणि काच 'टप्' करून बसते. जुन्या कारागिरांच्या हातची ही जादू अजूनही व्हिंटेज गाड्यांवर बघायला मिळते.

आजच्या गाडीचं काम वेगळं. जुना गोंद तारेनं कापायचा, पत्र्याची कड साफ करायची, खरचटलं असेल तिथं प्रायमर मारायचा आणि पॉलियुरेथेन सीलंटची सलग, न तुटणारी धार सोडून नवी काच एका दमात ठेवायची. बसवणारा हे सगळं करतोय का, हे उभं राहून बघा. लाजू नका. काचेच्या कोपऱ्यातला ठसा वाचा. आयएस २५५३ हे सेफ्टी ग्लासचं भारतीय मानक आहे. नव्या मॉडेलमध्ये आरशामागे कॅमेरा असेल, लेन सांभाळणारा किंवा ब्रेक लावणारा, तर काच बदलल्यावर त्याचं कॅलिब्रेशन करून घ्यावं लागतं, हेही आधीच विचारून ठेवा.

हौशी रेसर लोकांत एक टूम असते. वजन कमी करायला काचेऐवजी पॉलिकार्बोनेट लावू! बंद ट्रॅकवरच्या काही प्रकारांत ते चालतं. पण रस्त्यावरच्या गाडीला पुढे प्लास्टिकची शीट बसवणं हे फॅड परवडणारं नाही. त्यावर वायपरनं ओरखडे उठतात आणि दोन पावसाळ्यांत समोर धुकं! रॅलीच्या बाबतीत तर एफआयएचे नियमही पुढे लॅमिनेटेड काचच मागतात.

सुकेपर्यंत काय करायचं?

सीलंट बसला की लगेच गाडी पळवायची नसते. किती वेळ थांबायचं ते गोंदाच्या प्रकारावर ठरतं. काही तासाभरात तयार होतात, काही बराच वेळ घेतात. यातला मुंबईकरांसाठी खास पॉइंट म्हणजे, नेहमीचा एका घटकाचा पॉलियुरेथेन सीलंट हवेतल्या ओलाव्यानं पक्का होतो. ज्या दमट हवेला आपण वर्षभर शिव्या घालतो, ती इथं चक्क मदतीला येते!

मग ट्रेन पकडून माटुंग्याला परत या. मध्य रेल्वेचं हे स्टेशन २०१७ पासून संपूर्ण महिला कर्मचाऱ्यांनी चालवून दाखवलं. बाहेर पडलात की समोर रामाश्रय, १९३९ पासूनचं. अननसाचा शिरा असेल तर सोडू नका. पोटभर जेवायचं असेल तर १९४२ पासून पानावर वाढणारं ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग स्टेशनच्या बाजूलाच आहे. किंग्ज सर्कलच्या बाजूला १९४० चं कॅफे मद्रास. रविवारी सकाळी रांग असते, पण आज तुम्हाला घाई कुठंय? नाव सांगा आणि फुटपाथवर उभे राहा.

पोटोबा झाला की फाइव्ह गार्डन्स. दादर-माटुंग्याचा हा भाग शहर सुधारणा ट्रस्टनं आखला. रुंद रस्ते, झाडं, मधोमध बागा. रस्ता नीट आखला की चालणाऱ्यालाही जागा उरते, हे इथं पायांना कळतं. तिथून किंग्ज सर्कलच्या फ्लायओव्हरखाली या. या पुलाखाली नानालाल डी. मेहता उद्यान आहे आणि त्यातली पायवाट नर्मदेच्या प्रवाहासारखी वळवलेली आहे. वरून गाड्या धडधडत जातायत, खाली आजी-आजोबा सावकाश फेऱ्या मारतायत. स्पीडच्या वेड्यानं एकदा तरी इथं बसावं.

कॉफी आणि कबुली

आता तो विषय, जो ग्रुपमध्ये सगळे हळू आवाजात बोलतात. पैसे कोण देणार?

खाजगी कारच्या आपल्याकडच्या स्टँडर्ड पॉलिसीत काच ही लाडकी आहे. रबर, प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, काचेवर शून्य. ऐकायला मस्त! पण त्याच पॉलिसीत गाडी कशाकशासाठी वापरायची नाही, त्याची यादी असते. ऑर्गनाइज्ड रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग आणि रिलायबिलिटी ट्रायल. टीएसडी ही काही रेस नव्हे, असं आपण म्हणत असतो. पण त्या शेवटच्या शब्दात तीही अडकू शकते. शिवाय छोट्याशा क्लेमसाठीही नो क्लेम बोनस जाऊ शकतो. तो पहिल्या वर्षी २० टक्क्यांपासून चढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. एका काचेपायी तो घालवायचा का, हे आकडेमोड करूनच ठरवा.

आणि मग कुणीतरी सल्ला देतं, 'अरे, सांग ना, एक्सप्रेसवेवर ट्रकमधून खडी उडाली.' खडी उडते, हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून हे खोटं फार सोपं वाटतं. पण फॉर्मवर खाली सही तुमची असते. रॅलीचे फोटो ग्रुपवर असतात, गाडीच्या दारावर नंबर असतो. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी, वीस-बावीस वर्षांची पोरं एका बोल्टपायी टेक इन्स्पेक्शनच्या रांगेत पुन्हा उभी राहतात, तर पगारदार माणसाला स्वतःच्या हौसेचं बिल भरायला काय हरकत आहे? रॅलीचं बजेट काढताना पेट्रोल, फी, टायर लिहितो, तशी 'एक काच' लिहून ठेवायची. नाही फुटली तर त्या पैशांत ग्रुपला माटुंग्यात जेवण!

आयोजकांची मदत घ्या. चर्चगेटची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन तर १९१९ पासूनची. तिनं महिलांसाठी कार रॅलीही भरवल्या आहेत. इव्हेंटसाठी वेगळा विमा आहे का, त्यात काय येतं, हे फी भरण्याआधी विचारायचं. आणि स्क्रूटिनीला गाडी दाखवताना तडा स्टिकरखाली लपवायचा नाही. स्क्रूटिनिअर म्हणजे तुमची मजा बिघडवणारा खडूस काका वाटतो खरा. पण शेजारच्या सीटवर बसलेल्या मित्राच्या घरच्यांना विचारलंत, तर त्यांना तोच आवडेल.

नेव्हिगेटरचा मुद्दा शेवटी ठेवलाय, कारण तो सर्वांत मोठा. तडा गेलेली काच घेऊन जायचं हे ठरवतो ड्रायव्हर, पण त्या काचेसमोर बसतात दोघं. त्याला किंवा तिला निदान विचारा तरी. 'या काचेसह जायचं का?' एवढा एक प्रश्न. तो विचारायची लाज वाटत असेल, तर उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे. मग ती रॅली सोडा. पुढच्या महिन्यात दुसरी असतेच.

चौकट : तडा गेला तर...

• खुणेवर लगेच पारदर्शक टेप लावा. पाणी, शाम्पू, पॉलिश लांब ठेवा.
• एसीचा वारा काचेवर सोडू नका. तापलेल्या काचेवर गार पाणी तर नाहीच नाही.
• काठाला पोहोचलेली किंवा नजरेसमोरची रेघ असेल तर भरण्याच्या भानगडीत न पडता काच बदला.
• नवी काच बसल्यावर किती वेळानं गाडी काढायची, ते सीलंटच्या ट्यूबवर वाचा किंवा बसवणाऱ्याकडून विचारून घ्या. रॅलीसाठी त्याच्या वर निदान एक पूर्ण दिवस ठेवा.
• पहिल्या दिवशी बाजूची एक काच बोटभर उघडी ठेवा आणि दारं आपटू नका. आतल्या हवेच्या दाबानं ओला गोंद सरकतो. गाडी धुणंही टाळा.
• जुन्या काचेवरचा फास्टॅग नव्या काचेवर चिकटवता येत नाही. बँकेकडून नवा मागवायला विसरू नका!